गेरूची तीन बोटं

“वाळू भिजवली का गं?” सायकल स्टँडला लावायच्या आधीच शिंत्रे हवालदारांनी विचारलं.

“भिजवली!” आम्ही आठजणी एका सुरात ओरडलो. खरं तर ती भिजवली होती एकट्या आक्काताई लोहारनं. आमच्या आधी अर्धा तास येऊन तिनं नळावरून बादल्या वाहिल्या होत्या. ओरडायला मात्र सगळ्यांत पुढं आम्ही.

“मग तोंडाकडं काय बघताय? बेडूक व्हा.”

आम्ही वाळूच्या खड्ड्याच्या कडेला ओळीनं उकिडव्या बसलो आणि हवालदारांनी नेहमीप्रमाणे आमच्याकडं पाठ फिरवली. बेडूकउड्या ते डोळ्यांनी बघत नसत, कानांनी ऐकत.

“चौथी कोण? पोतं पडल्यागत आवाज आला. परत पहिल्यापासनं.”

चौथी बिचारी तोंड वेंगाडत मागं जायची. “आवाज झाला म्हंजे सगळा भार गुडघ्यावर आला,” हवालदार पाठमोरेच सांगायचे. “चवड्यावर उतरा. गुडघा मऊ ठेवा. गुडघा काय बाजारात मिळत न्हाई, पोरींनो.”

आक्काताईच्या उडीचा आवाज कधीच येत नसे. एकदा तर हवालदारांनी वळून बघितलं होतं, ही खड्ड्यात आहे की घरी गेली म्हणून.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायचो. शिंत्रे हवालदार अठरा वर्षं फौजेत काढून आलेले, पलटणीच्या संघातून व्हॉलीबॉल खेळलेले, आणि आता कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला. त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी वसाहतीतल्या पोरींचा संघ काढला. पहिल्या वर्षी बायकांनी नाकं मुरडली. दुसऱ्या वर्षी आम्ही तालुक्याचा कप आणला, तेव्हा त्याच बायका त्या कपात पेढे भरून घरोघर वाटत फिरल्या.

मी, वैजयंता पोवार, त्या संघातली स्मॅश मारणारी. वीस वर्षांची होते. जाळ्यावर माझ्याइतकं वर कुणी जात नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यापलीकडं मला फारसं काही ठाऊक नव्हतं. आक्काताई संघात सगळ्यांत लहान, सतरा वर्षांची. नावातच आक्का आणि ताई दोन्ही, त्यामुळं “आक्काताई, माझी चप्पल आण गं” म्हणताना आम्हाला उगाच हसू यायचं. ती चप्पल आणायचीही. मला ती वैजूताई म्हणायची. तिचे वडील कारखान्याच्या आवारात ऊसगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. गाड्या कमी होऊन ट्रॅक्टर वाढत चालले होते आणि त्यांचा भाता आठवड्यातले तीन दिवस गार असायचा.

आता भिंतीचं सांगायला हवं. साखरेच्या गोदामाची मागची भिंत. दरवर्षी बॉयलर पेटायच्या आधी तिला चुन्याचा हात दिला जायचा आणि त्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर आमचं वर्ष सुरू व्हायचं. कोनाड्यात फुटक्या बशीत भिजवलेला गेरू असायचा. त्यात बोटं बुडवायची, भिंतीशी आडवं उभं राहून जागेवरून उडी मारायची आणि जिथवर हात पोचेल तिथं टेकवायचा. नाव लिहायचं नाही. प्रत्येकीची बोटं ठरलेली होती. माझी तीन, आक्काची दोन, कुणाचं एक, कुणाचा अख्खा पंजा. शनिवारी सगळ्यांसमोर उड्या व्हायच्या, पण मधल्या वारी कुणाला वाटलं तर तिनं येऊन आपली खूण वर न्यायला मोकळीक होती. कुणी बघायला हवंच असं नव्हतं. “फौजेत शब्दावर चालतं,” हवालदार म्हणायचे. “भिंतीला साक्षीदार लागत न्हाई.”

आणि त्या वर्षी भिंतीवर बरंच काही अवलंबून होतं. डिसेंबरात जिल्ह्याच्या संघाची निवड होती. आमच्या क्रीडा मंडळाकडून स्मॅश मारणारी एकच पोरगी पाठवायची होती, आणि जिची खूण सगळ्यांत वर तिचं नाव जाणार, असं हवालदारांनी दसऱ्यालाच सांगून टाकलं होतं. जिल्ह्यातून पुढं राज्याला खेळलं की खेळाडूंसाठी राखीव जागेवर नोकरी मिळायची. आक्काला ती नोकरी हवी होती. तिच्या घरात ती हवीच होती. मला फक्त पहिलं राहायचं होतं.

त्या शनिवारी वाळूतल्या उड्या संपल्यावर आम्ही भिंतीशी गेलो. मी नेहमीसारखी पहिली उडी मारली. तीन बोटं उमटली, खाली फरकटत आली. मी हात झटकत बाजूला झाले. शेवटी आक्का गेली. तिनं बशीत बोटं बुडवली, गुडघ्यात वाकली आणि उडाली. खाली उतरली तेव्हा आवाज झाला नाही. आम्ही वर बघितलं. तिची दोन बोटं माझ्या तिन्हींच्या वर होती. चांगली दोन बोटं वर.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या.

“शाब्बास!” हवालदारांनी खिशातला गुळाचा खडा काढून आक्काच्या हातावर ठेवला. तिनं तो तोंडात टाकला नाही. अर्धा तोडून माझ्याकडं धरला. “घे की, वैजूताई. तुझंच बघून बघून शिकलो मी.” आमच्याकडच्या पोरींची बोली अशीच, शिकलो, आलो, गेलो. मी तो अर्धा खडा खाल्ला आणि घरी जाऊन आईशी विनाकारण भांडले.

सोमवारी दुपारी, दोनच्या सुमारास, मी गोदामामागं गेले. वसाहत जेवून आडवी झाली होती. भिंतीपाशी हवालदारांची लोखंडी खुर्ची असायची. ते तिच्यावर कधी बसत नसत, फक्त टोपी ठेवत. मी आधी प्रामाणिकपणे उड्या मारल्या. सात-आठ मारल्या असतील. बोटं गेरूत न बुडवताच, नुसतं बघायला. आक्काच्या खुणेला एकदाही हात लागला नाही. मग मी खुर्ची भिंतीला लावली, चपला काढल्या, वर चढले, तीन बोटं बशीत बुडवली आणि आक्काच्या दोन बोटांच्या वर चार बोटं जागा सोडून टेकवली. हळूच. हळदीकुंकवाला बोट लावावं तशी. मग खाली उतरून खुर्ची ओढणीनं पुसली आणि मातीतल्या खुर्चीच्या पायांच्या खुणा पावलानं मोडल्या. एवढी अक्कल मात्र बरोबर चालली. त्या दुपारची मला आजही लाज वाटते, आणि सगळ्यांत जास्त लाज त्या ओढणीनं पुसण्याची वाटते.

संध्याकाळी एकच गलका झाला. “अगं बया, वैजी कुठं पोचली बघा!” “किती नीट आलीत गं बोटं!” हवालदार भिंतीजवळ गेले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

“वैजयंता, तुझी?”

“हो.”

“कवा मारलीस?”

“दुपारी. अंग हलकं वाटत होतं.”

“बरं,” ते म्हणाले. अर्ध्या बोटानं खूण वर गेली तरी शाब्बास म्हणणारा माणूस. त्या दिवशी नुसतं बरं म्हणाले आणि वाळूकडं वळले. मी मनात म्हटलं, जळतात. त्यांच्या लाडकीची खूण मोडली ना.

घरी जाताना आक्का माझ्या बरोबरीनं चालत होती. कॅन्टीनच्या वळणावर तिनं माझं मनगट धरलं.

“वैजूताई, एक विचारू? रागावू नगंस.”

“विचार.”

“दोन दिवसांत सहा बोटं. कसं केलंस गं? आपण सगळ्या तेवढ्याच उड्या मारतोय. तू आणि काय करतीस?”

हसून “नशीब गं” म्हणून सुटता आलं असतं. पण खोट्याला आधार लागतो, आणि नेमका समोर गोदामाचा कट्टा होता. ट्रकमध्ये पोती चढवायला बांधलेला, कमरेइतका उंच, सिमेंटचा.

“कट्ट्यावरनं मारते,” मी म्हटलं. “पहाटे. कट्ट्यावरनं खाली उडी टाकायची, पाय टेकला की तिथनंच जेवढी जाईल तेवढी वर. वाळूत पाय बसतो, म्हणून ताकद येत नाही. सिमेंट पायाला वर फेकतं.” आणि ते अगदीच सोपं वाटू नये म्हणून पुढं जोडलं, “खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन.”

“किती?”

“शंभर.”

तिनं वळून कट्ट्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत जराही शंका नव्हती. “हवालदारांना सांगितलंस?”

“नाही. आणि तूही सांगू नकोस. त्यांची पद्धत फौजेतली, जुनी. उगाच वाईट वाटून घेतील.”

“न्हाई सांगत,” ती म्हणाली. “शब्द.”

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे कट्ट्यावर जायला लागली. आमचं घर गोदामाच्या बाजूला होतं, त्यामुळं मला झोपेतच ऐकू यायचं, धप्, धप्, धप्. मी पांघरूण डोक्यावरून घ्यायचे. संध्याकाळी ती माझ्या कानाशी येऊन सांगायची, “आज साठ झाल्या.” “आज ऐंशी.” ती असं सांगायची जणू मी तिची मास्तरीण आहे. माझ्या खुणेखाली तिची खूण वर सरकत होती. एका शनिवारी अर्धं बोट, पुढच्या शनिवारी एक. मी माझ्या उड्या मारायचे, त्या माझ्या खोट्या खुणेच्या पार खाली लागायच्या. कुणी काही विचारलं तर “रोज का तेवढी जाते?” म्हणून हसायचे.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “वैजूताई, उजवा गुडघा ठणकतोय गं जिना चढताना. तुझा ठणकायचा का?”

त्या क्षणी तोंड उघडायला काय लागत होतं? चार शब्द. आम्ही दोघीच होतो, वाळूच्या खड्ड्याशी, ती बूट सोडत होती.

“ठणकायचा,” मी म्हटलं. “दुखतंय म्हणजे पाय बनतोय.”

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. “असं व्हय! मी उगाच घाबरलो.”

त्याच आठवड्यात तिच्या उडीचा आवाज यायला लागला. वाळूत बेडूकउड्या चालल्या होत्या, हवालदार पाठमोरे उभे. ते अचानक वळले. “ही कोण?”

“मी,” आक्का म्हणाली.

“तू?” ते जवळ आले, तिच्या पायांकडं बघत राहिले. “तुझा आवाज कुठनं आला, पोरी? कुठं उड्या मारालीस तू?”

आक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दिलेला शब्द तिनं तसा पाळला. “कुठं न्हाई. हितंच की.”

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी येताना चुन्याची बादली आणि कुंचा आणला. भिंतीपाशी ठेवून ते सगळ्यांना म्हणाले, “भिंतीला परत एक हात मारावा म्हणतो. सगळ्या खुणा पुसू. नव्यानं उड्या मारू, सगळ्या मिळून, समोरासमोर. काय, वैजयंता?”

सगळ्यांमधून त्यांनी मलाच विचारलं. मला तेव्हा त्यात फक्त डाव दिसला.

“का पुसायच्या?” माझा आवाज चढला. “कुणाला तिथवर पोचता येत नाही म्हणून माझी खूण पुसायची का? शब्दावर चालतं म्हणता ना?”

हवालदार माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“राहू दे की, काका,” आक्काच म्हणाली. “खूण कशाला पुसायची? मी पोचतो की तितवर.”

त्यांनी बादली उचलली. त्या दिवशी त्यांनी आक्काला एकटीला मागं थांबवून घेतलं, बराच वेळ काहीतरी बोलले. लांबून मला एवढंच दिसलं की आक्का जोरजोरात मान हलवतेय आणि शेवटी पाय आपटत निघून आली. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, “काय न्हाई. म्हातारं काय बी बोलतंय.” पुढचे काही दिवस ती त्यांच्याशी बोललीच नाही. मी मनातून खूश झाले. ती त्यांच्याशी का बोलत नाही याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

निवडीच्या आधीचा शनिवार. आक्का खड्ड्याशी आली ती उजवा पाय जरा जपतच. गुडघ्याला जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली. माझी उडी झाली, खोट्या खुणेपासून लांब खाली. मग ती भिंतीशी गेली. गेरूत दोन बोटं बुडवली. वर माझ्या तीन बोटांकडं एकदा बघितलं आणि वाकली.

ती उडी मी विसरायची नाही. अंग कुठून उचललं गेलं कळलं नाही, पण ती वर गेली आणि वर जात राहिली, आणि तिची दोन बोटं माझ्या खुणेच्या वर टेकली. वर, स्पष्ट, एक बोटभर अंतर सोडून. जिथवर खरोखर कुणीच पोचलं नव्हतं तिथं ती पोचली. मग ती खाली आली. या वेळी मोठा आवाज झाला. पाय टेकल्याचा एक आणि लगेच त्यामागून ओलं लाकूड मोडावं तसा दुसरा.

ती ओरडली नाही. वाकडी होऊन मातीत बसली, गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि वर बघितलं. “वैजूताई,” तिनं विचारलं, “पोचलो न्हवं?”

हवालदारांनी तिला उचललं. कारखान्याच्या जीपमधून कोल्हापूरला नेलं. गुडघ्यातली दोरी तुटली होती, आतली गादीही फाटली होती. त्या काळी आमच्यासारख्यांना जेवढं शक्य होतं तेवढं झालं, म्हणजे प्लास्टर.

मी भेटायला गेले तेव्हा तिचे वडील खाटेशी बसले होते. मला बघून उठून उभे राहिले. लोहारकामानं काळे पडलेले हात जोडून म्हणाले, “वैजाबाई, तुमी वाट दाखवलीसा म्हणून पोरगी एवढी वर गेली. नशिबानं पाय गेला, त्याला तुमी काय करणार?” मी त्यांना हात खाली घ्या म्हणायलाही धजले नाही. आक्का प्लास्टरमधला पाय दाखवत हसली. “माझं चुकलं गं. मी मधनं सुट्टीच दिली न्हाई पायाला.”

“हो,” मी म्हटलं. “सुट्टी द्यायला हवी होती.”

भिंतीच्या हिशोबानं पहिली तीच होती, पण तिला उभं राहता येत नव्हतं. माझं नाव गेलं. मी जिल्ह्याला निवडले गेले, पुढं राज्याला खेळले, खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली. लग्न झालं, पुण्यात घर झालं. वडील निवृत्त झाल्यावर आईवडीलही आमच्याकडं आले, आणि वसाहतीत जायला मला कारण उरलं नाही. कारण नाही याचा मला आनंद होता. हवालदार गेल्याचं पत्र आलं तेव्हाही मी गेले नाही.

सव्वीस वर्षांनी आक्काताईचा फोन आला. मंडळाच्या जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. “तू यायलाच पायजेस, वैजूताई. पोरी तुझी वाट बघालेत. मीच शिकवतो आता त्यांना. हवालदारांच्या मागं दुसरं हाय कोण?”

नाही म्हणायला चांगलंसं खोटं सुचलं नाही, म्हणून गेले.

कारखान्याच्या गेटातून आत वळले, कॅन्टीनच्या कोपऱ्यावर आले आणि पाय जागच्या जागी थांबले. गोदामाच्या बाजूनं आवाज येत होता. धप्. धप्. धप्.

मी जवळजवळ पळतच गेले. कट्ट्यावर दहा-अकरा पोरी ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या खांद्यावर वाळूची पिशवी. शिट्टी वाजली की एकेक खाली उडी टाकत होती आणि सिमेंटवरून पुन्हा वर उसळत होती. शिट्टी आक्काताईच्या तोंडात होती. केस अर्धे पांढरे, उजवा पाय काठीसारखा सरळ, चालताना अर्धं वर्तुळ काढून पुढं टाकायची. मला बघून ती तशीच लगबगीनं आली आणि माझ्या गळ्यात पडली.

“पोरींनो, ही बघा वैजूताई! तुमी रोज जो व्यायाम करताय न्हवं, तो हिनं काढलेला. हिचीच पद्धत.”

पोरी खाली उतरल्या, पाया पडायला रांग लावली. मी मागं सरत होते. आक्का कौतुकानं सांगत होती, “मी ह्यांना दिवसाआड करायला लावतो. मी रोज केलं, ती माझी चूक. हवालदारांना शेवटपर्यंत सांगितलं न्हाई बघ कट्ट्याचं. तुला शब्द दिला हुता.”

रांगेतली एक सडपातळ पोरगी वाकताना गुडघ्याला हात लावून वाकली.

“दुखतोय का गं?” मी विचारलं.

“थोडा दुखतोय, ताई. पण आक्का म्हणतात, दुखतंय म्हंजे पाय बनतोय.”

ते माझं वाक्य होतं. माझ्या तोंडातलं, जसंच्या तसं.

“बंद कर हे,” मी आक्काला म्हटलं. “आत्ता बंद कर. कट्ट्यावरच्या उड्या मी कधी मारल्या नाहीत. एकही नाही.”

ती हसत होती. “म्हंजे?”

“ती खूण खोटी होती, आक्का. मी हवालदारांच्या खुर्चीवर उभी राहिले होते. तू कसं केलंस म्हणून विचारलंस, तेव्हा तोंडाला आलं ते सांगितलं. समोर कट्टा होता म्हणून कट्टा.”

पोरी ऐकत होत्या. तिच्या ओठांतली शिट्टी गळून दोरीला लोंबत राहिली. मग तिनं भिंतीकडं बघितलं. तिच्यावर सव्वीस वर्षांचे चुन्याचे थर होते, आमचं तिथं काहीच उरलं नव्हतं.

“खुर्चीवर,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि माझी?”

“तुझी खरी होती. त्या उंचीला तू एकटीच पोचलीस.”

तिनं मान हलवली. मग पोरींकडं वळून म्हणाली, “पिशव्या टाका खाली. वाळूत चला.”

“का हो, आक्का?”

“चुकीचं शिकवत हुतो. चला.”

पोरी एकमेकींकडं बघत खड्ड्याकडं गेल्या. आक्का कोपऱ्यातल्या बादल्यांकडं गेली. मी तिच्या मागं. ती शिव्या देईल, रडेल, काहीतरी करेल, याची मी वाट बघत होते. तिनं एक बादली उचलली आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

“चुन्याची बादली आणलेली, त्या दिवशी हवालदारांनी मला मागं ठेवून घेतलं हुतं. म्हणाले, पोरी, त्या खुणेच्या मागं लागू नगंस. उडी मारून टेकलेली बोटं खाली फरकटतात. ती तीन बोटं गोल हायत. कुणीतरी उभं राहून लावलीत.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी? मी भांडलो त्यांच्याशी. आठ दिवस बोललो न्हाई. म्हणलं, दुसरं कुणी बी करंल, माझी वैजूताई असं करायची न्हाई.”

ती पाय ओढत नळाकडं निघाली. मी खाली वाकून दुसरी बादली उचलली.

“राहू द्या,” ती मागं न वळता म्हणाली. “तुमी पावण्या हायसा.”